दूध तुटल्यानंतरचे पंधरा दिवस

डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत डुक्कर हे काही घरोघरचं जनावर नाही. वारली, कोकणा, धोडी यांच्या अंगणात कोंबडी असते, शेळी असते, औताला बैल असतो. डुकराचा बाजार मात्र फार लांब नाही. वसईच्या ख्रिस्ती वस्तीत सणासुदीला इंदियाल आणि सोरपोतेल शिजतं, मुंबईत देवनारच्या कत्तलखान्यात डुकरांसाठी स्वतंत्र विभाग आहे, आणि 2013 पासून लोकल गाड्या थेट डहाणू रोडपर्यंत येतात. त्यात राष्ट्रीय पशुधन अभियानाने 2021 मध्ये नव्याने आखलेल्या योजनेत वराहपालनाच्या प्रकल्पाला भांडवली खर्चाच्या 50 टक्के आणि जास्तीत जास्त 30 लाख रुपये अनुदान ठेवलं. त्यामुळे चिकूच्या वाडीच्या कडेला किंवा भातखाचराच्या बांधावर दोन-चार माद्या पाळून पाहावं, असा विचार करणाऱ्याला आता तो अगदीच वेडगळ वाटत नाही. असा माणूस माहिती काढायला लागला की पिल्लांच्या मरतुकीवर उपाय म्हणून लसीच्या आणि जंतनाशकाच्या जोडीला ‘प्रीबायोटिक’ पावडरीचं नावही त्याच्या कानावर पडतं. ती घ्यावी का, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर पावडरीत शोधण्याआधी पिल्लाचं दूध कोणत्या वयात तोडतो आणि त्याच्यापुढे कोणता चोथा ठेवतो, इथे शोधावं लागतं, असं माझं म्हणणं आहे.

ही पावडर कुठल्या गरजेतून आली, ते आधी पाहू. प्रीबायोटिक ही कल्पना ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रॉबरफ्रॉइड यांनी 1995 मध्ये मांडली. खाणाऱ्याला पचत नाही, पण त्याच्या आतड्यातल्या उपकारक जिवाणूंना पोसतं, असं अन्न म्हणजे प्रीबायोटिक. चिकोरीच्या मुळातलं इन्युलिन, त्याचेच छोटे तुकडे असलेले फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड, यीस्टच्या पेशीभित्तीतून काढलेले मॅनन हे त्यातले नेहमीचे प्रकार. डुकरांच्या खुराकात त्यांना मागणी आली ती युरोपातल्या कायद्यांमुळे. वाढ व्हावी म्हणून खुराकात प्रतिजैविकं मिसळायला स्वीडनने 1986 मध्येच मनाई केली, आणि युरोपीय संघाने 1 जानेवारी 2006 पासून ती सर्वत्र बंद केली. दूध तोडलेल्या पिल्लांची हगवण थांबवायला किलोमागे अडीच-तीन ग्रॅमपर्यंत झिंक ऑक्साइड दिलं जाई. जून 2022 मध्ये तेही गेलं. आधार असे एकेक काढून घेतल्यावर उघडी पडली ती त्या व्यवसायाची मूळ अडचण: तिकडे पिल्लांचं दूध 21 ते 28 दिवसांत तोडतात. त्या वयात पिल्लाचं पोट धान्य पचवायला तयार नसतं. पावडरींचा मोठा बाजार या घाईतून उभा राहिला आहे.

घाईची किंमत आतड्यावर मोजता येते. आईच्या दुधावरच्या पिल्लाच्या जठरात दुधातल्या साखरेवर लॅक्टोबॅसिलस वाढतात, आम्ल तयार करतात, आणि त्या आम्लामुळे बरेच रोगजंतू पुढे सरकत नाहीत. दूध तुटलं की ही व्यवस्था एका दिवसात कोलमडते. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे रसांकुर असतात, अन्नरस शोषणारे. डेव्हिड हॅम्पसन यांनी 1986 मध्ये छापलेल्या अभ्यासात, 21व्या दिवशी दूध तोडलेल्या पिल्लांचे रसांकुर पहिल्या चोवीस तासांतच सुमारे पाव हिश्शाने खुजे झालेले दिसले, आणि पुढचे काही दिवस ते आणखी आखडत गेले. शोषण कमी झाल्यावर न पचलेलं प्रथिन मोठ्या आतड्यात जातं आणि तिथे सडून अमोनिया आणि अमाइन तयार होतात. नेमक्या याच वेळी ई. कोलायच्या काही जाती आतड्याच्या भिंतीला चिकटून विष सोडतात, आणि पिल्लाला पाण्यासारखी हगवण लागते. याहून सोपी पण सहसा कोणी न सांगितलेली गोष्ट म्हणजे भूक. नेदरलँड्समध्ये एकेका पिल्लाचं खाणं यंत्राने नोंदवलं, तेव्हा दूध तोडल्यावर पहिल्या चोवीस तासांत जेमतेम निम्म्या पिल्लांनी खुराकाला तोंड लावलं होतं, आणि सुमारे दहा टक्के पिल्लं 48 तासांनंतरही उपाशी होती. रसांकुर आखडण्यामागे ही उपासमार हे एक मुख्य कारण आहे. जे पिल्लू खातच नाही, त्याच्या आतड्यात खुराकातली पावडर पोचणार कशी? म्हणून आईजवळ असतानाच, दहाव्या-बाराव्या दिवसापासून, उथळ थाळीत थोडा थोडा कोरडा भरडा ठेवून पिल्लाला खुराकाची सवय लावणं, हे कोणत्याही पावडरीच्या आधीचं काम आहे.

आता चोथ्याकडे येऊ. चोथा म्हटलं की तो पोटाला चांगलाच, अशी आपली समजूत असते. डुकराच्या पिल्लाबाबत ती अर्धीच खरी आहे, आणि उरलेली अर्धी घातक ठरू शकते. ऑस्ट्रेलियात पर्थच्या मर्डोक विद्यापीठात हॅम्पसन, जॉन प्लस्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरीच वर्षं काम केलं. शिजवलेल्या पांढऱ्या तांदळावर आणि प्राणिज प्रथिनावर ठेवलेल्या पिल्लांमध्ये हगवणीचे ई. कोलाय कमी वाढले. त्याच आहारात सोललेलं बार्ली मिसळलं, म्हणजे विरघळणारा चिकट चोथा वाढवला, की जंतू वाढले. आतड्यातला माल घट्ट चिकट झाला की तो सावकाश पुढे सरकतो, आणि जंतूंना बस्तान बसवायला सवड मिळते. त्याच गटाने 2008 मध्ये उलट बाजूही दाखवली. तांदळाच्या आहारात ओटची टरफलं, म्हणजे न विरघळणारा आणि जवळजवळ न आंबणारा चोथा, थोड्या प्रमाणात मिसळली तेव्हा हगवण कमी झाली आणि प्रथिन सडल्याच्या खुणाही घटल्या. बार्सिलोनाच्या स्वायत्त विद्यापीठात गव्हाच्या कोंड्यावर झालेलं कामही याच दिशेचं आहे. चार टक्क्यांच्या आसपास कोंडा ई. कोलायला आवर घालायला मदत करतो, आणि जाडाभरडा कोंडा बारीक दळलेल्यापेक्षा अधिक उपयोगी पडतो. अशा चोथ्याच्या तीन तऱ्हा समोर येतात. चिकट चोथा या वयात टाळावा. खरखरीत, न विरघळणारा चोथा थोडा द्यावा. आणि आंबणारा चोथा, ज्यात इन्युलिन आणि फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड येतात, तो मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना प्रथिनाऐवजी पिष्टाच्या जातीचं खाद्य पुरवतो. त्यातून ब्युटिरेट तयार होतं, आणि मोठ्या आतड्याच्या पेशी मुख्यतः त्यावर जगतात.

तर्क चोख असूनही या तिसऱ्या तऱ्हेचे निकाल हेलकावे खातात. कुठे पिल्लांचं वजन वाढलं, कुठे काहीच फरक पडला नाही, कुठे जिवाणूंची गणती बदलली पण हगवण तेवढीच राहिली. याची कारणं कळण्यासारखी आहेत. डुकराच्या जठरात आणि लहान आतड्यातच इतके जिवाणू असतात की इन्युलिनचा बराच भाग मोठ्या आतड्यापर्यंत पोचण्याआधीच मोडतो. मूळ खुराकात गहू-बार्ली असेल तर त्यातच फ्रुक्टन असतात, मग वरून टाकलेल्या चिमूटभराचा परिणाम वेगळा ओळखू येत नाही. प्रयोगगृहातली पिल्लं स्वच्छ आणि निरोगी असली तर सुधारायला जागाच कमी. शिवाय काही पिल्लांच्या आतड्यावर या ई. कोलायला धरून राहायला जागाच नसते, आणि हा गुण आनुवंशिक आहे. डेन्मार्कने तो हेरून पैदाशीसाठी निवडला, ही या सगळ्या पुराव्यातली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट. या सगळ्यावरून पावडर निरुपयोगी ठरत नाही, पण तिचा उपयोग परिस्थितीवर बेतलेला आहे आणि परिस्थिती आपली आपल्यालाच पाहावी लागते.

इथली परिस्थिती अशी. भातगिरणीतून कणी मिळते, कोंडा मिळतो. रताळी, केळीचे सोट, नाचणीचा कोंडा आणि हंगामात बाजारात न चालणारा चिकू मिळतो. पर्थचा पुरावा सर्वांत थेट लागू पडतो तो कणीला. कणी मऊ शिजवून, ती प्रथिनासाठी सुक्या मासळीच्या कुट्याबरोबर किंवा दुधाच्या भुकटीबरोबर दिली तर पहिल्या पंधरवड्याचा तो उत्तम पाया आहे, आणि किनाऱ्यावरच्या तालुक्याला मासळी दुर्मीळ नाही. मासळी खारवलेली असेल तर मात्र मिठाचा विचार करायला हवा. कोंड्याच्या बाबतीत अधिक सावध राहावं लागतं. जुन्या पद्धतीच्या हलर गिरणीत भात एकाच फेरीत सोलून सडला जातो, त्यामुळे तिथून येणाऱ्या कोंड्यात तूस मिसळलेलं असतं. भाताच्या तुसात सिलिका भरपूर असते. ओटची टरफलं चालली म्हणून भाताचं तूसही चालेल, असं धरून तीन-चार किलोच्या पिल्लाला ते घालणं चूक आहे. तूस वेगळं काढणाऱ्या गिरणीतला कोंडा चांगला, पण त्यातलं तेल सडल्याबरोबर खवट व्हायला लागतं आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तर फारच लवकर. गिरणीतून आणला की दोन-तीन दिवसांत संपवावा, नाहीतर गव्हाचा जाड कोंडा विकत आणावा. रताळं कच्चं दिलं तर त्यातले घटक प्रथिनाचं पचन अडवतात, म्हणून उकडूनच द्यावं. कच्च्या चिकूत टॅनिन असतं आणि पिकलेल्यात साखर. दोन्ही या पंधरवड्यात नकोत, मोठ्या डुकराला खुशाल द्यावेत. मोहाच्या बियांची पेंड तर मुळीच नको. तिच्यातल्या सॅपोनिनने मासे मरतात, हे या भागात कोणाला सांगायला नको. महामार्गावरच्या हॉटेलांचं उष्टं फुकट मिळतं म्हणून मोह होतो, पण ते तेलकट आणि खारट असतं, आणि त्यात डुकराचं मांस आलेलं असलं तर आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणू थेट गोठ्यात येतो. 2020 मध्ये आसाम-अरुणाचलात या रोगाने काय केलं ते देशाने पाहिलं आहे. उष्टं द्यायचंच असेल तर जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे ते ढवळत ढवळत 90 अंशांवर तासभर शिजवावं लागतं. एवढं जळण कोण घालणार?

या यादीत आंबवणही घालावं लागेल. भिजवलेला भरडा लॅक्टिक आम्लाने आंबून त्याचा सामू साडेचारच्या खाली गेला की त्यात आतड्याचे रोगजंतू तग धरत नाहीत. डेन्मार्कमध्ये आणि नेदरलँड्समध्ये आंबवलेल्या पातळ खुराकावर पुष्कळ काम झालं ते याचसाठी. नाचणीची आंबील करणाऱ्या घराला ही क्रिया शिकवावी लागत नाही. कालच्या आंबट भरड्यातला थोडा मागे ठेवायचा, आजच्या ताज्या भरड्यात आणि पाण्यात तो मिसळायचा, झाकून रात्रभर ठेवायचं. वास आंबट असला तर ठीक, बुरसट किंवा दारूसारखा आला तर फेकून नव्याने सुरुवात. जिवाणूंना पोसण्यासाठी पावडर घ्यायची आणि जिवाणू मात्र हवेत तसे येतील या भरवशावर बसायचं, त्यापेक्षा जिवाणू आणि त्यांचं आम्ल आयतंच पुरवणारा हा खुराक मला लहान पाळणाऱ्यासाठी अधिक खात्रीचा वाटतो.

यावर पहिला आक्षेप उत्पन्नाचा. दूध उशिरा तोडलं तर आतडं तयार होतं हे मान्य, पण मादी तेवढी अडकून पडते. हिशेब करून पाहू. गाभणकाळ 114 दिवसांचा, दूध तोडल्यावर मादी पुन्हा माजावर यायला साधारण आठवडा. 28व्या दिवशी दूध तोडलं तर एका वेतापासून दुसऱ्या वेतापर्यंत 149 दिवस, म्हणजे वर्षाला जवळपास 2.45 वेतं. आपल्याकडे जुन्या वहिवाटीप्रमाणे 56 दिवस दूध पाजलं तर 177 दिवस आणि 2.06 वेतं. एका वेतात नऊ-दहा पिल्लं धरली तर मादीमागे वर्षाला चार पिल्लं कमी. हा तोटा खोटा नाही, आणि शंभर माद्यांच्या फार्मवर तो चारशे पिल्लांचा होतो. पण 42 दिवसांचा मध्यम मार्ग धरला तर 2.24 वेतं होतात आणि तोटा निम्म्यावर येतो. दोन माद्या असलेल्या घराला वर्षाला चार पिल्लं कमी पडली, तरी 28 दिवसांच्या पिल्लाला लागणारा महाग स्टार्टर, ऊबदार जागा आणि औषधं वाचतात. आणि एका वेताला हगवण लागली तर चारहून अधिक पिल्लं एका आठवड्यात जाऊ शकतात. मोठ्या फार्मचं गणित वेगळं आहे. तिथे 28 दिवसच परवडत असतील, तर प्रीबायोटिकलाही तिथे खरी जागा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो जंतांचा. मोकळ्या किंवा ओलसर जागेतल्या डुकरांच्या पोटात जंत असतातच. डेन्मार्कमधल्या प्रयोगांत इन्युलिन आणि सुकवलेली चिकोरीची मुळं खाणाऱ्या डुकरांच्या मोठ्या आतड्यातले काही जातींचे जंत लक्षणीय प्रमाणात घटले. मग गरीब पाळणाऱ्यालाच प्रीबायोटिकचा जास्त फायदा नाही का? युक्तिवाद चांगला आहे, पण मात्रेवर अडतो. त्या प्रयोगांत इन्युलिन हा खुराकाचा मोठा हिस्सा होता, आणि पिशवीवर लिहिलेली मात्रा असते किलोला काही ग्रॅम. जंतनाशकाची गोळी त्याहून कितीतरी स्वस्त आणि नेमकी. शिवाय पिल्लाच्या प्रत्येक हगवणीचं कारण दूध तोडणं हे नसतं. पहिल्या तीन दिवसांत लागली तर चीक पोटभर मिळाला नाही किंवा गारठा लागला, याचा संशय घ्यावा. डुकराच्या वारेतून प्रतिपिंडं पिल्लापर्यंत येत नाहीत, ती सगळी चिकातूनच मिळतात आणि तीही पहिल्या दिवसभरातच. आठवड्या-दोन आठवड्यांनी पिवळसर पातळ होत असेल तर कॉक्सिडिया हे आतड्यातले परजीवी पाहावे लागतात. फिक्कट, सुस्त पिल्लू लोहाच्या कमतरतेचं असतं. पिल्लाला दिवसाला सुमारे सात मिलिग्रॅम लोह लागतं आणि दुधातून मिळतं फक्त एक, म्हणून तिसऱ्या दिवसाच्या सुमाराला 200 मिलिग्रॅम लोहाचं इंजेक्शन देतात. या तिन्हींपैकी एकावरही चोथ्याचा इलाज चालत नाही.

तिसरा आक्षेप मी बहुतांशी मान्य करतो. हगवण लागली की लोक दुकानातून प्रतिजैविक आणतात, अर्धवट देतात आणि सोडून देतात. पावडरीने ती सवय थोडी जरी सुटली तरी फायदाच. केंद्र सरकारने जुलै 2019 मध्ये खाद्यासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली, कारण माणसाच्या उपचारातलं ते अखेरच्या फळीतलं औषध आहे. त्याची जागा दुसऱ्या प्रतिजैविकाने घेण्यापेक्षा फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइडने घेतलेली केव्हाही बरी. फक्त पावडर हा हगवणीवरचा उपचार नाही. लागण होण्याआधी दिली तरच तिचा काही उपयोग संभवतो. हगवण लागलेल्या पिल्लाला आधी स्वच्छ पाणी आणि क्षारसाखरेचं द्रावण हवं, आणि मग पशुवैद्य.

खर्चाचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो वाटतो तितका मोठा नाही. दूध तुटल्यावर पहिल्या पंधरवड्यात पिल्लू सरासरी दिवसाला पाव किलो खातं असं धरा. दहा पिल्लांना अडीच किलो, आणि 0.4 टक्क्याने त्यात दहा ग्रॅम पावडर. चौदा दिवसांची 140 ग्रॅम. खिशाला हे जड नाही, हाताला जड आहे. दहा ग्रॅम पावडर घमेल्यातल्या अडीच किलो भरड्यात हाताने कालवली तर एका पिल्लाच्या तोंडी चमचाभर जाईल आणि दुसऱ्याच्या काहीच नाही. आधी ती मूठभर पिठात, ते पीठ अर्धा किलो भरड्यात आणि तो बाकीच्या खुराकात, असं टप्प्याटप्प्याने मिसळावं लागतं. भारतात यावर दुसऱ्या अंगानेही काम चाललं आहे. बेंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण आणि शरीरक्रिया विज्ञान संस्थेत उसाची चिपाडं आणि हिरव्या नारळाची सोडणं अशा शेतीतल्या टाकाऊ मालातून झायलो-ऑलिगोसॅकराइड हे प्रीबायोटिक काढण्याच्या पद्धतींवर संशोधन झालं आहे. किनारपट्टीला त्यातून काही हाती लागलं तर पिशवीचा प्रश्नच बदलेल.

इथल्यापुरतं उत्तर इथेच तपासता येण्यासारखं आहे. डहाणू तालुक्यात कोसबाड हिलला गोखले एज्युकेशन सोसायटीचं कृषी विज्ञान केंद्र आहे, परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. एकाच वेतातली पिल्लं दोन सारख्या गटांत वाटावीत. दोन्ही गटांचं दूध 42व्या दिवशी तोडावं. दोघांना शिजवलेली कणी, मासळीचा कुटा आणि चार टक्के गव्हाचा जाड कोंडा द्यावा. एकालाच वर फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड. दूध तोडल्याच्या दिवशी, सातव्या आणि चौदाव्या दिवशी वजन, आणि रोज शेणाची घट्ट, मऊ, पातळ अशी साधी नोंद. पावसाळ्यातली वेतं आणि हिवाळ्यातली वेतं वेगळी मोजावीत, कारण जुलैतल्या ओल्या जमिनीवरचं पिल्लू आणि डिसेंबरमधल्या कोरड्या जमिनीवरचं पिल्लू एकाच खुराकाला सारखं वागणार नाही. आठ-दहा वेतांनंतर दोन गटांत फरक दिसला तर पावडर घ्यावी, आणि घेताना पिशवीवर तीन गोष्टी छापलेल्या आहेत का पाहावं: आत नेमका कोणता पदार्थ आहे, त्याचं शुद्ध प्रमाण किती टक्के, आणि किलोभर खुराकाला किती ग्रॅम. नुसतं ‘आतड्याचं आरोग्य’ असं लिहिलं असेल तर ती पिशवी दुकानदाराला परत करायला हरकत नाही.